पद्मिनीसाठी नवा कार्ब्युरेटर शोधताय? जुना अजून भंगारात टाकू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांची १९७८ ची प्रीमियर पद्मिनी बरीच वर्षं शेडमध्ये उभी होती, आता ती चालू केलीत. आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू ठेवल्यावर) थांबत नाही, गाडीभोवती पेट्रोलचा वास येतो, ॲक्सिलरेटर दाबला की क्षणभर गुदमरते आणि मग उचलते. मेकॅनिक म्हणतो कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) गेला, नवा टाका. ऑनलाइन एक ‘पद्मिनी, ॲम्बॅसेडर, जीप सगळ्यांना चालेल’ असा नवा पीस दिसतोय. तो नको असेल तर मेकॅनिक मारुती ८०० चा बसवून द्यायला तयार आहे. यातलं काय घ्यावं, आणि ओरिजिनल कुठे मिळेल?

कुठे मिळेल ते पुढे सांगतोच. पण तुमच्या वर्णनात कार्ब्युरेटरची बॉडी खराब झाल्याचा एकही पुरावा नाही. ‘गेला’ हा मेकॅनिकचा निकाल आहे, तपासणी नव्हे. उभ्या राहिलेल्या गाडीचा कार्ब्युरेटर घाण होतो, त्यातलं रबर मरतं, पॅकिंग वाळतं. बॉडी मात्र सहसा शाबूत असते. माझ्याकडे ‘नवा टाकायचाय’ म्हणून येणाऱ्या पद्मिनी बहुतेक वेळा जुनाच कार्ब्युरेटर घेऊन परत जातात. त्यात जुन्यावरच्या प्रेमाचा भाग कमी आणि व्यवहाराचा जास्त आहे. तुमच्या इंजिनासाठी कारखान्यात जुळवून दिलेली बॉडी तुमच्या हातात आहे. बाजारात मिळेल ती कुठली, कुणी उघडलेली, कुणी ड्रिल मारलेली, हे कुणीच सांगू शकत नाही.

पाना हातात घेण्याआधी इग्निशन, म्हणजे ठिणगी देणारी यंत्रणा, बघा. पॉइंट गंजलेले, कंडेन्सर मेलेला, डिस्ट्रिब्युटर कॅपला चीर, यातलं काहीही असलं तरी गाडी आयडलला थांबत नाही आणि पिकअपला मिसिंग करते. दोष मात्र कार्ब्युरेटरला लागतो, कारण तो वर असतो आणि त्याचे स्क्रू फिरवायला सोपे असतात. नवे पॉइंट, नवा कंडेन्सर, चार नवे प्लग घाला, टायमिंग लावा, टॅपेटचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाचा) गॅप पुस्तकाप्रमाणे करा. मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजा. चारही सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ असतील तर पुढे जा. एखादा फार खाली असेल तर जगातला कुठलाही कार्ब्युरेटर ते इंजिन आयडलला नीट ठेवणार नाही. व्हॅक्यूम गेज (इंजिनाची हवा ओढण्याची ताकद मोजणारं मीटर) मिळालं तर फारच उत्तम. समुद्रसपाटीला धडधाकट इंजिन आयडलला १७ ते २० इंच पारा दाखवतं आणि काटा स्थिर राहतो. काटा कमी पण स्थिर असेल तर कुठेतरी हवा ओढतेय किंवा टायमिंग मागे आहे. ठराविक लयीत झटके देत असेल तर व्हॉल्व्हकडे बघा.

पंपही बघा. पद्मिनीला मूळचा मेकॅनिकल पंप असतो आणि त्याचा दाब अगदी थोडा. मधल्या काळात कुणी इलेक्ट्रिक पंप बसवला असेल तर तो कसला आहे ते तपासा. दाब जास्त असला की नीडल व्हॉल्व्ह (कार्ब्युरेटरच्या वाटीत शिरणारं पेट्रोल अडवणारी झडप) कितीही नवा असू दे, पेट्रोल त्याला ढकलून वाटीत घुसतं आणि ओव्हरफ्लो होतं. तुमच्या वासाचं कारण एवढंच असू शकतं.

आता खुद्द कार्ब्युरेटर. पद्मिनीवर सर्वसाधारणपणे सोलेक्सचा एका नळीचा, वरून खाली हवा ओढणारा, ३२ पीबीआयसी जातीचा कार्ब्युरेटर येतो. ३२ म्हणजे थ्रॉटलच्या (ॲक्सिलरेटर दाबला की उघडणाऱ्या झडपेच्या) नळीचा व्यास मिलिमीटरमध्ये. आत बसवलेल्या व्हेंच्युरीचा, म्हणजे नळीतल्या अरुंद गळ्याचा, आकडा वेगळा असतो आणि तो तिच्यावर कोरलेला असतो. जेटवरचा (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या पितळी तोटीवरचा) आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. १२५ लिहिलं असेल तर १.२५ मिलिमीटर. हे आकडे कुठलीही खरेदी करण्याआधी वहीत उतरवून ठेवा, कारण हीच तुमच्या गाडीची जन्मपत्रिका.

या सोलेक्सची एक खोड आजच्या पोरांना माहीत नसते. एअर फिल्टर काढून वरून आत बघितलंत तर चोकची झडप दिसणारच नाही. डॅशबोर्डवरची चोकची मूठ ओढली की कार्ब्युरेटरच्या कुशीतली एक चपटी गोल चकती फिरते आणि थंड इंजिनासाठी पेट्रोल-हवेचा वेगळाच रस्ता उघडतो. म्हणजे तो एक छोटा, स्वतंत्र कार्ब्युरेटरच. ही चकती झिजली, तिच्यावर ओरखडे पडले, किंवा केबल इतकी ताणून बांधली की मूठ आत ढकलूनही लिव्हर पूर्ण मागे येत नाही, तर तो रस्ता कायमचा थोडा उघडा राहतो. गाडी चोकवरच चालते, प्लग काळेठिक्कर होतात, ॲव्हरेज पडतं, गरम झाल्यावर आयडल डळमळतं. मेकॅनिक मिक्श्चर (पेट्रोल-हवेचं मिश्रण) लावायचा स्क्रू फिरवून थकतो आणि शेवटी ‘नवा टाका’ म्हणतो. तुमच्या गाडीवर आज संध्याकाळीच हे बघता येईल. बॉनेट उघडा, चोकची मूठ पूर्ण आत ढकला, आणि कार्ब्युरेटरवरचा तो लिव्हर बोटाने अजून मागे जातो का बघा. जात असेल तर केबलचा स्क्रू सैल करून पुन्हा बांधा. खर्च शून्य.

लिव्हर पूर्ण मागे येऊनही गाडी रिचच (पेट्रोल जास्त, हवा कमी) चालत असेल तर स्टार्टरचं, म्हणजे त्या चकतीवरचं, झाकण उघडा. चकतीची बसायची बाजू उजेडात तिरकी धरून बघा. बारीक ओरखडे असतील तर जाड काचेवर अगदी बारीक पॉलिश पेपर ठेवून, इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी फिरवत ती सपाट करता येते. कानस लावायची नाही. काच नसेल तर थांबा, पण हातावर धरून घासू नका.

सगळा कार्ब्युरेटर उघडायचाच झाला तर प्रत्येक टप्प्याला फोटो काढा. वाटीच्या तळाशी पांढरट पीठ दिसेल. ती जस्ताच्या मिश्रधातूची गंज आहे, पेट्रोलमध्ये पाणी बसलं की धरते. तपकिरी चिकट थर म्हणजे सुकलेलं पेट्रोल. कार्ब्युरेटर क्लीनर आणि कॉम्प्रेसरची हवा एवढंच वापरा. अल्ट्रासोनिक टाकी असलेला कुणी ओळखीचा असेल तर सोन्याहून पिवळं. काही गॅरेजमध्ये कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात बुडवायची सवय आहे. बीडाचे भाग त्यात स्वच्छ होतात, पण हीच बॉडी त्यात विरघळायला लागते. जेटमध्ये तार घालणारा मेकॅनिक दिसला तर त्याच्या हातातून जेट काढून घ्या. पितळ मऊ असतं, तारेने भोक वाढतं, आणि आकडा १२५ राहिला तरी जेट १२५ चं राहत नाही. फारच तुंबलं असेल तर नायलॉनचा धागा घाला.

गुदमरून मग उचलणं हे ॲक्सिलरेटर पंपाचं लक्षण. बाजूच्या छोट्या झाकणाखाली रबरी कापडाचा डायफ्राम असतो, उभ्या गाडीत तो पापडासारखा कडक होतो. इंजिन बंद ठेवून वरून आत बघत थ्रॉटल एकदम उघडा. पेट्रोलची बारीक, सरळ धार पडली पाहिजे. थेंब पडत असतील किंवा काहीच नसेल तर डायफ्राम बदला. तो रिपेअर किटमध्येच (डायफ्राम, पॅकिंग वगैरेंचा संच) येतो. पितळी फ्लोट (वाटीतल्या पेट्रोलवर तरंगणारा पोकळ डबा) असेल तर कढत पाण्यात दाबून धरा, बुडबुडे आले की भोक सापडलं. डाग देण्याआधी आतलं पेट्रोल पूर्ण उडालंय याची खात्री करा, नाहीतर फ्लोट हातात फुटेल. कथिल कमीत कमी लावा, कारण फ्लोट जड झाला की खोल बसतो आणि वाटीतली पातळी चढते.

राहिला थ्रॉटल स्पिंडल, म्हणजे थ्रॉटलची झडप ज्यावर फिरते तो दांडा. बॉडी खरंच मरते ती इथे, म्हणून यावर जरा थांबतो. पोलादी स्पिंडल मऊ धातूच्या भोकात वर्षानुवर्षं फिरतो. रिटर्न स्प्रिंग त्याला एकाच बाजूला ओढत असते, त्यामुळे भोक हळूहळू अंडाकृती होतं. तिथून इंजिन हवा ओढतं आणि मिक्श्चर पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) होतं, तेही नेमकं आयडलला, जेव्हा व्हॅक्यूम सगळ्यात जास्त असतो. लिव्हर धरून वर-खाली हलवा. जाणवेल न जाणवेल एवढी ढिलाई चालते. टकटक आवाज येत असेल तर चालत नाही. चालू इंजिनावर स्पिंडलच्या टोकाशी ब्रशने थोडं साधं इंजिन ऑइल लावून बघा. क्षणभर आयडल सुधारलं तर खात्री झाली. काही जण तिथे क्लीनरचा फवारा मारून बघतात. गरम एक्झॉस्ट शेजारीच असतो, त्यामुळे मी ते करत नाही आणि करूही देत नाही.

यावर उपाय आहे: बॉडीला ब्राँझचे बुश (झिजलेल्या भोकात बसणाऱ्या नळीसारख्या कड्या) मारायचे. हे गल्लीतल्या कुठल्याही लेथवाल्याचं काम नाही. दोन्ही बाजूंची भोकं एकाच सरळ रेषेत मोठी करावी लागतात, त्यासाठी बॉडी पकडायला फिक्श्चर लागतं, आणि बुश बसल्यावर दोन्हींतून एकदम रीमर (भोक नेमक्या मापाचं करणारं हत्यार) फिरवावा लागतो. रेषा केसभर चुकली तर बटरफ्लाय (थ्रॉटलच्या झडपेची गोल चकती) एका बाजूला घासतो आणि ॲक्सिलरेटर अडकतो. चालत्या गाडीचा ॲक्सिलरेटर अडकणं ही मस्करी नाही. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात किंवा पुण्याजवळ भोसरीच्या टूलरूममध्ये असं काम करणारे हात आहेत. त्यांना ‘कार्ब्युरेटर दुरुस्त करा’ असं सांगू नका, ते नाही म्हणतील. ‘ही दोन भोकं एका अक्षात रीम करून बुश बसवायचेत, स्पिंडल हा घ्या’ असं सांगा. बटरफ्लाय काढण्याआधी त्याच्या वरच्या बाजूवर खूण करा, कारण त्याच्या कडा तिरक्या असतात आणि उलटा बसवला तर नळी पूर्ण बंद होत नाही. परत बसवल्यावर त्याचे दोन बारीक स्क्रू लॉक केलेच पाहिजेत. सैल सुटलेला स्क्रू सरळ इंजिनात जातो.

मग नवी बॉडी कधी शोधायची? कान तुटला असेल, पॅसेजमध्ये चीर असेल, जेटच्या जागेचे आटे पूर्ण गेले असतील, पूर्वी गॅस किट बसवताना कुणी बॉडीत भोक पाडलं असेल, किंवा गंजीने आतल्या भिंतीला खड्डे पडले असतील तर. वरचं झाकण वाकलंय म्हणून बॉडी फेकायची गरज नसते. काचेवर ठेवून फीलर गेजने बघा. थोडा वाक पॉलिश पेपरने निघतो. नट आवळून आवळून खालच्या फ्लँजचे दोन कान खाली झुकलेले असतात, तेही बऱ्याचदा सुधारतं. कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्ड (तो ज्या नळकांड्यावर बसतो ते) यांच्या मधला उष्णता अडवणारा तुकडा तडकला असेल तर तेवढा बदला.

शोधायचंच ठरलं तर कुठे? मुंबईत ऑपेरा हाऊसकडची स्पेअर पार्टची दुकानं आणि कुर्ल्याचं भंगार. प्रीमियरचा कारखानाच कुर्ल्याला होता, आणि पद्मिनीवर पोट असणारी टॅक्सी गॅरेजेस तर शहरभर होती. शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मर्यादा संपल्यावर ३० ऑक्टोबर २०२३ पासून या टॅक्सी रस्त्यावरून बाद झाल्या. याचा परिणाम दुहेरी झाला. गिऱ्हाईक संपल्यामुळे दुकानदार नवा माल भरत नाहीत, पण टॅक्सीवाल्या मेकॅनिकांच्या फळीवर जुन्या बॉड्या पडून आहेत. दुकानाच्या काउंटरपेक्षा या म्हाताऱ्या मिस्त्रींकडे विचारणा केलेली बरी. पुण्यात नाना पेठ आणि जुना बाजार. बाहेर जायची तयारी असेल तर चेन्नईचं पुदुपेट्टई, दिल्लीचं काश्मिरी गेट, कोलकात्याचा मल्लिक बाजार. टॅक्सीतून निघालेली बॉडी घेताना स्पिंडल आधी हलवून बघा, कारण ती गाडी तुमच्या वडिलांच्या गाडीच्या कैकपट चाललेली असते. कधीकधी माणसं चांगली बॉडी देऊन तिच्याहून झिजलेली विकत आणतात.

नुसतं ‘पद्मिनीचा आहे का’ असं विचारू नका. जुन्या पिसावर असलेले सगळे आकडे आणि अक्षरं लिहून न्या. फ्लँजच्या दोन भोकांमधलं अंतर व्हर्नियरने मोजून न्या. थ्रॉटलचा लिव्हर कुठल्या बाजूला आणि कुठे ओढला की उघडतो, पेट्रोलची नळी कुठून शिरते, चोकचा लिव्हर कसा फिरतो, याचे फोटो न्या. ॲम्बॅसेडरवरही सोलेक्स येत असे, दिसायला तो भाऊच वाटतो. पण ते इंजिन वेगळं, जवळजवळ दीड लिटरचं, आणि तुमचं १०८९ सीसीचं. बोल्टला बसला म्हणजे इंजिनाला बसला असं होत नाही. बाकी सगळं जुळत असेल तर व्हेंच्युरी, जेट आणि इमल्शन ट्यूब (पेट्रोलमध्ये हवा मिसळणारी बारीक नळी) तुमच्या जुन्यातून काढून त्यात घालता येतात. म्हणूनच जुना कधी ‘एक्स्चेंज’मध्ये देऊ नका.

ऑनलाइन ‘सगळ्यांना चालेल’ वाल्या पिसाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: तो यातल्या कुठल्याच गाडीसाठी जुळवलेला नसतो. अशा नकला मी उघडून पाहिल्या आहेत. ओतकामात वाळूसारखे कण, पॅसेजच्या तोंडाशी उरलेली धातूची पापडी, आणि जेटवर छापलेला आकडा एक तर भोक भलतंच. टूलरूममधल्या पिन गेजने एकदा मोजून बघा म्हणजे पटेल. काही नकला साफ करून, जेट बदलून चालतातही. पण एवढी मेहनत करायचीच तर ती जुन्यावर का नको? त्यापेक्षा चांगलं किट मिळवा. आपल्याकडचं किट घेताना डायफ्रामचं रबर बोटांनी ताणून बघा आणि पॅकिंगची जाडी जुन्याशी ताडा. युरोपात जुन्या सोलेक्ससाठी किट बनवणारे आहेत. महाग पडतं, कस्टम्स लागतं, पण माल खात्रीचा असतो.

मारुती ८०० चा कार्ब्युरेटर बसवून चालणाऱ्या गाड्या आहेत, खोटं कशाला बोलू. टॅक्सीला किंवा रोजच्या धंद्याच्या गाडीला, हाताशी दुसरं काहीच नसताना, तो जुगाड ठीक होता. पण तो ७९६ सीसीच्या तीन सिलिंडरसाठी जुळवलेला, दोन नळ्यांचा. ॲडॉप्टर प्लेट बनवावी लागते, लिंकेज नवं, एअर फिल्टर नवा, पेट्रोलच्या रिटर्नची सोय वेगळी, आणि जेट हातचाचणीने बसवायचे. हे सगळं झाल्यावर गाडी तुमच्या त्या एका मेकॅनिकशिवाय कुणाला समजत नाही. शिवाय तुमची गाडी २०२८ मध्ये पन्नाशीत पोहोचते. २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंदणीला पन्नास वर्षं पूर्ण आणि गाडी मूळ स्वरूपात असावी लागते. कार्ब्युरेटर बदलला म्हणून कुणी अडवेलच असं नाही, पण जी गाडी आज पूर्ण मूळची आहे ती आपल्या हाताने का बिघडवायची?

पेट्रोलबद्दल एक, कारण किट बदलूनही लोक पुन्हा तक्रार घेऊन येतात. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. १९७८ च्या रबराला ते सोसत नाही. सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घ्या, पंपाचा डायफ्रामसुद्धा. दुसरं म्हणजे मिक्श्चर. साध्या पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट, तर या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. म्हणजे त्याच जेटवर इंजिन सात-आठ टक्के पातळ चालतं. जेटच्या भोकाचं क्षेत्रफळ तेवढं वाढवायचं तर व्यास चारेक टक्के वाढतो, समजा १२५ चं जेट असेल तर १३० पर्यंत. पण लगेच बदलू नका. आधी मूळ जेटवर चालवा, चढावर पूर्ण थ्रॉटलवर ओढून प्लग काढून बघा. पांढरेफटक आणि गाडी धडपडत असेल तरच एक नंबर वाढवा. उंचीवर मिक्श्चर आपोआप थोडं जाड होतं, त्यामुळे पुण्यात जे जमतं ते मुंबईत पातळ पडू शकतं, आणि महाबळेश्वरला जाऊन प्लगचा रंग बघण्यात तर काही अर्थच नाही. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर वाटी रिकामी करून ठेवा. ते पांढरं पीठ पुन्हा धरणार नाही.

तुमच्या बाबतीत काही गोष्टी बघितल्याशिवाय सांगता येणार नाहीत: स्पिंडल किती ढिला आहे, बॉडीला कुणी हात लावलाय का, गाडीला कधी गॅस किट होतं का, पंप मूळचा आहे का, आणि गाडी रविवारी फिरवायची आहे की रोज वापरायची. मी असतो तर क्रम असा लावला असता: इग्निशन आणि टॅपेट, मग पंप, मग चोकची केबल, मग किट आणि सफाई, त्यानंतर गरज असेल तर बुश, आणि बाजारात फेरी सगळ्यात शेवटी.

ऑनलाइनवाल्याला आज पैसे पाठवू नका. वाटीवरचे आकडे, थ्रॉटलच्या बाजूचा फोटो आणि चारही प्लगचे फोटो ओळीने, पहिल्या सिलिंडरपासून, इथे टाका. चारही काळे असतील तर चोकची चकती किंवा नीडल व्हॉल्व्ह. एकच वेगळा दिसत असेल तर कार्ब्युरेटरला हातच लावू नका, त्या सिलिंडरची वायर आणि व्हॉल्व्ह आधी बघू.